धांवत्या खेळाचें चित्र

जुन्या घराच्या माळ्यावर, संदुकीच्या तळाशीं, छायाचित्रांचा एखादा गठ्ठा हटकून सांपडतो. तो सोडून पाहावा तों एकच देखावा पुनःपुन्हां समोर येतो. आजोबा पगडी घालून खुर्चीवर बसलेले, आजी शेजारीं उभी, मुलें पायांशीं ओळीनें. सर्वांचे हात जागच्या जागीं आणि सर्वांच्या मुद्रा न्यायाधीशासमोर उभें केल्याप्रमाणें गंभीर. तेवढ्यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, आपले पूर्वज हंसत नव्हते व खेळत नव्हते, तर तें अर्थातच खोटें ठरेल. त्याच आजीनें त्याच घराच्या माजघरांत श्रावणांतल्या मंगळवारीं रात्रभर फुगड्या घातल्या, झिम्मा खेळला, पिंगा धरला. परंतु त्यांपैकीं एकाहि खेळाचें चित्र गठ्ठ्यांत नाहीं. ज्यांना स्थिर बसवितां आलें त्यांचीं चित्रें राहिलीं. जें जें धांवलें, उडालें, गरगरलें, तें तें हरपलें.

ह्यांत दोष कोणाचाच नव्हता. कांचेच्या प्लेटीवर प्रतिमा उमटण्यास पुष्कळ प्रकाश लागे, आणि माजघरांत समई-कंदिलांखेरीज प्रकाश नसे. प्रकाश थोडा म्हणजे प्लेट अधिक वेळ उघडी ठेवणें आलें. आणि वेळ अधिक म्हणजे हालणारी आकृति धुक्यासारखी पसरणें आलें. म्हणून ज्यांना गति टिपावयाची असे ते उन्हाचा आश्रय करीत. १८७८ त कॅलिफोर्नियांत एडवर्ड मायब्रिज ह्यानें घोडा धांवतांना त्याचे चारही पाय एका क्षणीं अधांतरीं असतात हें चित्रांनीं सिद्ध केलें, तें भर उन्हांत आणि घोड्यामागें पांढरी पार्श्वभूमि उभारून. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्या मुंबईच्या छायाचित्रकारानें १८९९ त कुस्तीचें चलच्चित्र घेतलें. मराठी माणसानें खेळाची गति पकडण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रयत्न. तोहि हँगिंग गार्डनमध्यें, उघड्या आकाशाखालीं. पुढें १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हॅरॉल्ड एजर्टन ह्या अभियंत्यानें विजेच्या क्षणिक झोताची युक्ति नांवारूपास आणली, आणि छपराखालींहि गति गोठवितां येऊं लागली. तथापि तो झोत खेळाडूच्या डोळ्यांत जातो ही नवी अडचण तिच्याबरोबरच आली. तिचा विचार पुढें करूं.

आज खेळ स्वतःच छपराखालीं येऊं लागले आहेत. २०२५ च्या जानेवारींत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारांत, मॅटवर व दिव्यांच्या प्रकाशांत झाली. अंतिम सामन्यांत भारताच्या स्त्रियांनीं नेपाळवर ७८-४० असा आणि पुरुषांनीं नेपाळवरच ५४-३६ असा विजय मिळविला. प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही संघांचे नायक महाराष्ट्राचे, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट. जो खेळ आपण मातींत, सायंकाळच्या उन्हांत पाहिला, त्याचें चित्र आतां दिव्याखालीं घ्यावयाचें आहे.

आमच्या सातपाटीस तर हें दर पावसाळ्यांत घडतें. जून व जुलै ह्या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, मैदानांत चिखल असतो, आणि मुलामुलींचे खेळ एखाद्या सभागृहांत येतात. पालघर-बोईसराकडेहि तीच स्थिति. मात्र दिल्लीच्या दिव्यांची सर येथल्या दिव्यांस नाहीं. उंच छताला टांगलेले पांचसहा दिवे, त्यांतला एखादा बंद. वरच्या झरोक्यांतून येणारा पावसाळी करडा उजेड. आणि प्रेक्षकांत बसून मोबाइल उंच धरणारे आईबाप. आमच्या पुतण्याची कन्या शाळेच्या संघांत कबड्डी खेळते. तिच्या सामन्याचीं छायाचित्रें घरीं आलीं, तेव्हां गुडघ्यांच्या दुखण्यामुळें घराबाहेर न पडणाऱ्या आमच्या वहिनींनीं चष्मा सांवरीत तीं एकेक पाहिलीं आणि विचारलें, “भाऊजी, ह्यांत आपली पोर कोणती?” सात पिवळे पट्टे व एक निळा पट्टा, ह्यापलीकडे त्या चित्रांत कांहीं नव्हतें.

वहिनींचा प्रश्न साधा असला तरी सर्व विषय त्यांतच आला. आजीला नात ओळखूं यावी, आणि ती काय करीत आहे हें कळावें, एवढें त्या चित्रानें केलें पाहिजे. अशा वेळीं घरांत पहिला विचार निघतो तो नव्या, भारी किंमतीच्या कॅमेऱ्याचा. माझें सांगणें असें कीं, पैशाची थैली सोडण्यापूर्वीं थोडें गणित सोडवावें.

खेळाडू मुलगी सेकंदास सहा मीटर वेगानें धांवत आहे असें धरूं. कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, सेकंदाचा साठावा भाग उघडें राहिलें, तर तेवढ्यांत ती १० सेंटिमीटर पुढें जाते. आणि तेवढीच तिची आकृति चित्रांत फांकते. नाक-डोळे ओळखूं न येण्यास हें पुरेसें आहे. तोच काल पांचशेंव्या भागावर आणला तर सरकणें १२ मिलिमीटर होतें, आणि हजाराव्या भागावर केवळ ६ मिलिमीटर. आपली पापणी लवण्यास सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो; तेव्हां आपणांस लागणारा काल पापणीच्या निमेषाच्याहि पन्नासाव्या-शंभराव्या हिश्श्याचा आहे.

आतां प्रकाशाकडे वळूं. त्याचें परिमाण लक्स. भर दुपारच्या निरभ्र उन्हांत जमिनीवर सुमारें १,००,००० लक्स प्रकाश पडतो; साध्या सभागृहांत तो ३०० च्या आसपास असतो, आणि घरांतल्या खोलींत त्याहूनहि कमी. म्हणजे उन्हांत जेथें तीनशें रुपयांची चंगळ होती, तेथें एका रुपयांत निर्वाह करावयाचा. आपला डोळा बाहुली मोठी करून व स्वतःची संवेदना वाढवून ही तूट झांकतो, म्हणून सभागृहांत आपणांस अंधार वाटत नाहीं; कॅमेरा मात्र पै-पैचा हिशेब मागतो.

हा हिशेब भरून काढण्याचे मार्ग दोन. पहिला मार्ग लेन्सचें छिद्र मोठें करण्याचा. छिद्राचा अंक जितका लहान तितकें छिद्र मोठें, एफ ५.६ ऐवजीं एफ २.८ घेतल्यास चौपट प्रकाश आंत येतो, आणि एफ १.८ घेतल्यास त्याच्याहि जवळजवळ अडीचपट. ह्याचें मोल असें कीं, स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. नाक स्पष्ट तर कान पुसट, असें होऊं शकतें. दुसरा मार्ग संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, वाढविण्याचा. त्याचें मोल म्हणजे चित्रांत रव्यासारखे दाणे दिसूं लागतात. एफ २.८ व आयएसओ ६४०० घेतल्यास ३०० लक्सच्या सभागृहांत शटर सेकंदाच्या पांचशेंव्या भागाजवळ आणतां येतें, एफ ५.६ च्या साध्या लेन्सला त्याच ठिकाणीं एकशेंपंचविसाव्या भागाच्या आसपास थांबावें लागतें. ह्या दोन दोषांत निवड करावयाची झाल्यास दाणे पत्करावे, पसरट आकृति पत्करूं नये. दाणेदार चित्रांत मुलगी ओळखूं येते. फांकलेल्या चित्रांत ती हरवते, आणि मागाहून कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं.

लांबून टिपणाऱ्या, मोठ्या छिद्राच्या नामांकित लेन्सा लाखाच्या वर जातात. ज्या घरीं कॅमेरा आहे त्यांनीं त्यांचा हव्यास न धरतां ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स घ्यावी व मैदानाच्या जवळ बसावें. दहावीस हजारांची ही लेन्स पुढें बसणाऱ्याच्या हातीं मागें बसणाऱ्याच्या लाखाच्या लेन्सहून अधिक काम करते.

सभागृहांतल्या दिव्यांची आणखी एक खोड आहे. आपल्या देशांत विजेच्या प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. त्यामुळें चोकवर चालणाऱ्या नळ्या व हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदास १०० वेळां मंद-तेज होतात. डोळ्यास तें दिसत नाहीं. पण पांचशेंवा भाग उघडणाऱ्या शटरला कधीं तेज सांपडतें, कधीं मंद. लागोपाठ घेतलेल्या चित्रांत एक उजळ, एक काळें, एक पिवळट असें झालें, किंवा चित्रावर काळसर पट्टे उमटले, तर कॅमेरा बिघडला असें समजूं नये. कित्येक नव्या कॅमेऱ्यांत हें लुकलुकणें ओळखून नेमकें तेज असतांना शटर उघडण्याची सोय असते; ती चालू करावी. नसल्यास एकाऐवजीं पांचसहा चित्रें सलग घ्यावीं. त्यांतलें एखादें तरी तेजांत सांपडतें.

मग फ्लॅश कां वापरूं नये? ह्याचें उत्तर छायाचित्रणाच्या शास्त्रांत नसून खेळाच्या नीतींत आहे. चढाई करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर एकाएकीं लखलखाट झाला तर क्षणभर तिला समोरचें दिसत नाहीं. आणि त्याच क्षणीं दोघीतिघी तिच्या पायांवर झेप घेत असतात. पडण्या-लागण्याचा धोका आपल्या हौसेपायीं तिनें कां सोसावा? छपराखालच्या अनेक स्पर्धांत फ्लॅशला मनाई असते, ती योग्यच आहे. जेथें मनाई नाहीं तेथेंहि आपण ती स्वतःवर घालून घ्यावी.

इतकें करूनहि प्रकाश अपुरा पडला तर काय करावें? येथें यंत्राचें काम संपतें आणि खेळाच्या ज्ञानाचें सुरू होतें. माझ्या मतें सर्व विषयाचा गाभा हाच आहे. अत्यंत वेगवान हालचालींतहि विश्रांतीचीं स्थानें असतात. उडीचेंच पाहा. वर जातांना वेग कमी होत होत शिखरावर शून्य होतो व मग वाढूं लागतो. हिशेब केला तर असें दिसतें कीं, उडीच्या उंचीच्या वरच्या एक-दशांश भागांतच उडीच्या एकंदर काळापैकीं जवळजवळ एक-तृतीयांश काळ जातो. त्या वेळीं शटर दाबलें तर मंद शटरहि पुरतें. कबड्डींत चढाईस ३० सेकंद मिळतात. पण त्यांतलीं बहुतेक सेकंदें हुलकावणींत जातात. ज्याला खेळ ठाऊक आहे तो पाहतो कीं, बोनस रेषेकडे पाय टाकतांना चढाई करणारी एका पायावर तोल सांवरून किंचित् थबकते. आणि पकड झाल्यावर, मुलगी मध्यरेषेकडे हात ताणते आहे व घोटा धरणाऱ्या तिला मागें ओढताहेत, अशा वेळीं दोन्ही बळें एकमेकांस तोलतात. शरीरें जवळजवळ स्थिर होतात, आणि सर्व खेळ त्या एका ताणांत एकवटतो. प्रकाश कमी असतां टिपावयाचा तो हाच क्षण.

आमच्या किनाऱ्यावरचे कोळी डोल जाळें लावतात, तेव्हां मासळीमागें धांवत नाहींत. भरती-ओहोटीची ओढ कोणीकडे आहे हें पाहून तिच्या वाटेंत जाळें बांधतात व थांबतात. छायाचित्रकारानें तेंच करावें. खो-खोंत पाठलाग करणारीला दिशा बदलावयाची तर खांबापर्यंत जावेंच लागतें. म्हणून खांबावर आधींच दृष्टि व लेन्स नेमून ठेवावी आणि वाट पाहावी. खांबाला हात घालून ती वळते किंवा खांबावरून सूर मारते, तें तेथेंच घडणार हें नियमानेंच ठरलेलें आहे. बसावें तें शक्यतों अशा ठिकाणीं कीं, खेळाडू आपल्याकडे येईल. आडवी जाणारी आकृति फांकते, समोरून येणारी पुष्कळ कमी फांकते, आणि तिचें मुखहि दिसतें. कबड्डीसाठीं मैदानाचा कोंपरा चांगला; मात्र खेळाडू बाहेर कोसळतात, तेवढें अंतर राखावें.

मोबाइलवाल्यांनीं चार गोष्टी पाळाव्या. रात्रीच्या चित्रांसाठीं असलेली सोय बंद ठेवावी, कारण ती शटर लांबविते किंवा अनेक चित्रें एकत्र करिते, आणि धांवती आकृति त्यांत विरघळते. बोटांनीं चित्र मोठें न करतां स्वतः पुढें जावें. शटर हातानें ठरवितां येत असल्यास निदान अडीचशेंव्या भागावर ठेवावें. आणि पांढऱ्या भिंतीवर नेम न धरतां खेळाडूच्या मुखावरच्या प्रकाशाप्रमाणें उजेड ठरवून तो कायम करावा. सभागृहाचा प्रकाश बदलत नसल्यामुळें तो पुन्हां पुन्हां मोजण्याचें कारण नाहीं. दिव्यांची हिरवट-पिवळट छटा काढण्यास कॅमेरेवाल्यांनीं धुतलेलें पांढरें उपरणें त्या दिव्याखालीं धरून रंगाचें प्रमाण ठरवून घ्यावें. समुद्रकांठच्या वाचकांस आणखी एक सूचना: पावसाळी हवेंत लेन्सच्या कांचेवर बुरशी धरते, म्हणून लेन्स चामडी पेटींत न ठेवतां, सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यांत ठेवावी.

आतां घरच्या खेळाकडे येऊं. कारण श्रावण जवळ आला आहे. मंगळागौरीची फुगडी म्हणजे वेग भरपूर, प्रकाश थोडा आणि जागा चिंचोळी. येथें एक मौज आहे. फुगडींत दोघी मागें झुकून गरगरतात. मस्तकें मोठ्या वर्तुळांत फिरतात, पण मध्यें गुंफलेले हात जवळजवळ आंसावर असतात. त्या हातांवर नेम धरून सेकंदाचा तिसावा भाग शटर उघडें ठेवलें तर हातांची पकड व बांगड्या स्पष्ट येतात, आणि पदर-वेण्यांचें चक्र भोंवतीं पसरतें. येथें गति गोठविण्याचा आग्रह नको; फुगडींत फिरणें हाच अर्थ आहे. मुखें हवीं असल्यास फुगडी सुटण्याच्या वेळेस सिद्ध राहावें. तोल सांवरीत, धापा टाकीत दोघी हंसतात, तो क्षण मंद दिव्यांतहि सांपडतो. खोलींतले सर्व दिवे लावावे, आणि पांढरी भिंत असेल तर तिच्याजवळ खेळावयास सांगावें. भिंत प्रकाश परत देते.

एक गोष्ट वडीलकीच्या नात्यानें सांगतों. खेळतांना वस्त्रें विस्कटतात, मुद्रा वेड्यावांकड्या होतात. चित्रें घेतलीं म्हणजे तीं सर्व लगोलग मोबाइलवरून दहा घरीं धाडूं नयेत. आधीं जिचें चित्र आहे तिला दाखवावीं आणि ती ठेव म्हणेल तेवढींच ठेवावीं. दुसऱ्याच्या मुलीचें चित्र तर तिच्या आईबापांस विचारल्यावांचून कोठेंच पाठवूं नये. जिचा मान वाढविण्यासाठीं आपण हा खटाटोप करितों, तिलाच संकोच झाला तर तें चित्र कितीहि स्पष्ट असो, फुकटच.

ही सर्व खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. पुष्कळ घरांत मुलगी दहावींत गेली कीं खेळ सुटतो. पुढें शिक्षण, नोकरी, संसार. तिनें चार वर्षें घाम गाळला, गुडघे फोडून घेतले, संघाला जिंकवून दिलें, ह्याची घरांत दुसरी कांहीं खूण राहत नाहीं. ज्या वडीलधाऱ्यांनीं तिचा खेळ कधीं पाहिलाच नाहीं, ते तो सहज विसरतात. कांहीं काळानें तीहि विसरते. संस्कृतांत क्षण ह्या शब्दाचा अर्थ अल्पसा काल एवढाच नाहीं. सवड असाहि आहे, आणि उत्सव असाहि आहे. मुलीच्या खेळासाठीं घरानें सवड काढली, तर तो अल्पसा काल उत्सव म्हणून मागें राहतो.

म्हणून शेवटची सूचना. वर्षाकांठीं अशीं पांच तरी चित्रें कागदावर छापून घ्यावीं, कारण मोबाइलमधलें चित्र बहुधा मोबाइलबरोबरच जातें. आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनें लिहावें: खेळणारीचें पूर्ण नांव, तिच्या सोबतिणींचीं नांवें, गांव, तारीख, आणि सामन्यांत काय झालें तें. हरली असेल तर हरली असेंच लिहावें.